‘नको’ या शब्दाचा अर्थ : संमतीच्या आकलनाविषयी

‘संमती’ हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. घराचे खरेदीखत, सोसायटीचा ठराव, शस्त्रक्रियेपूर्वी इस्पितळात सही करून द्यावा लागणारा कागद, अशा अनेक ठिकाणी तो भेटतो. स्त्रीपुरुषसंबंधांच्या संदर्भात मात्र हा शब्द मराठी वृत्तपत्रांत गाजला तो संमतिवयाच्या विधेयकामुळे. १८९० साली कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली आणि त्यानंतर, १८९१ मध्ये, संमतीचे वय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. टिळकांचा या कायद्याला विरोध, आगरकरांचा पाठिंबा, भांडारकरांनी मांडलेला शास्त्रार्थ, हे सारे आपण इतिहासाच्या तासाला शिकलो आहोत. मला या वादातील एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. वादाच्या नावातच ‘संमती’ आहे, परंतु त्या मुलीला काय हवे, काय नको, हा प्रश्न त्यात जवळजवळ कोणी विचारलाच नाही. वय मोजले गेले, शास्त्रवचने मोजली गेली, सरकारने धर्मात किती हात घालावा याचे मोजमाप झाले.

तो प्रश्न त्याआधी काही वर्षे एका स्त्रीने स्वतःच विचारला होता. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४ मध्ये पतीने मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये पतीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या. आपण लहान असताना इतरांनी दिलेला होकार आपल्यावर बंधनकारक का मानावा, हा त्यांचा मुद्दा होता. आज आपण ज्या अर्थाने संमती म्हणतो त्या अर्थाच्या तो फार जवळचा आहे.

इतके मागे जाण्याचे कारण असे, की वर्गात हा विषय निघाला म्हणजे विद्यार्थी बहुधा दोन टोकांवर उभे राहतात. काही म्हणतात, “हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे असले प्रश्न नव्हते.” काही म्हणतात, “त्यात शिकण्यासारखे काय आहे? हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही.” पहिल्यांसाठी रखमाबाईंचे नाव पुरे आहे. दुसऱ्यांचे म्हणणे वरकरणी बिनतोड वाटते, म्हणून त्याचा जरा सविस्तर विचार करू.

विद्यापीठातील तरुणतरुणींना संमतीचा अर्थ काय वाटतो, यावर सर्वाधिक संशोधन अमेरिकेत झाले आहे. त्याची सुरुवात एका अवघड अडचणीपासून झाली. तुमच्यावर कधी बलात्कार झाला आहे काय, असे प्रश्नावलीत विचारले, तर फारच थोड्या मुली ‘होय’ म्हणतात. मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने यावर साधा उपाय शोधला. तो शब्द न वापरता घटना विचारायची : तुमची इच्छा नसताना, कोणी धाक दाखवून वा जबरदस्ती करून, अमुक एक कृत्य केले का? १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत बत्तीस शिक्षणसंस्थांतील ६,१५९ विद्यार्थी होते. ज्यांचा अनुभव कायद्याच्या व्याख्येत बलात्कार ठरत होता, त्या मुलींपैकी जेमतेम सत्तावीस टक्के मुली त्याला बलात्कार म्हणत होत्या. उरलेल्यांच्या लेखी तो गैरसमज होता, आपली चूक होती, किंवा नाव नसलेले काहीतरी होते. हा आकडा मुलींच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून वाचू नये. बलात्कार म्हटला की अंधारी वाट, अनोळखी माणूस, हातात सुरा असे चित्र डोळ्यांपुढे येते. ओळखीचा वर्गमित्र त्या चित्रात बसत नाही, मग घडलेली गोष्टही शब्दात बसत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या पाहणीतून दुसरा धडाही घ्यावा : उत्तर पुष्कळदा प्रश्नाच्या शब्दांत दडलेले असते.

याच धड्याचा दुसरा नमुना अधिक बोधक आहे. १९८८ मध्ये म्युलनहार्ड आणि हॉलबॉ या दोघींनी ६१० विद्यार्थिनींना विचारले, की मनात होकार असूनही तोंडाने ‘नाही’ म्हटल्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे काय? सुमारे एकोणचाळीस टक्के मुलींनी एकदा तरी असे घडल्याचे सांगितले. हा आकडा पुढे जगभर फिरला. मुलींच्या ‘नाही’त ‘हो’ असतो, याला आता शास्त्राचा आधार मिळाला, असे ज्यांना म्हणायचे होते त्यांनी ते म्हणून घेतले. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच म्युलनहार्ड यांनी रॉजर्स यांच्याबरोबर पुन्हा शोध घेतला. या खेपेस खूण करायला चौकट न देता त्यांनी विद्यार्थ्यांना तो प्रसंग लिहून काढण्यास सांगितले. तेव्हा कळले, की पुष्कळांनी प्रश्नच वेगळा समजून घेतला होता. कोणाला इच्छा होती परंतु निश्चय नव्हता, आणि तिचे ‘नाही’ खरेच ‘नाही’ होते. कोणी आधी नाही म्हणाली आणि नंतर तिचे मन बदलले. मनात एक आणि तोंडात एक, असा नकार अगदी थोड्यांच्या लिहिण्यात सापडला, आणि अशा थोड्यांत मुलगेही होते! ही दुरुस्ती मूळ आकड्याइतकी कधी फिरली नाही. आपल्या मनातले ऐकायला मिळाले, की लोक पुढचे पान उलटत नाहीत.

इच्छा आणि संमती या दोन गोष्टींची गल्लत येथे स्पष्ट दिसते. परीक्षेच्या आदल्या रात्री सिनेमाला जाण्याची इच्छा असूनही आपण मित्राला नाही म्हणतो. त्या वेळी इच्छा खरी असते आणि नकारही खरा असतो. मित्राने इच्छेकडे बोट दाखवून आपल्याला ओढत नेले, तर आपण त्याला काय म्हणू? उलट, मनाविरुद्ध होकार देण्याचेही प्रसंग असतात : समोरचा रागावेल, नाते तुटेल, मैत्रिणीत हसे होईल. असा होकार शब्दाने होकारच असतो; त्याला कितपत संमती म्हणावे हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि प्रत्येक वेळी न्यायालयाकडे त्याचे उत्तर असेल अशी अपेक्षाही करू नये.

आता आपल्या भाषेकडे वळू. इंग्रजीत ‘नो’ या एकाच शब्दाला दोन कामे करावी लागतात. “पाऊस पडतोय का?” याचे उत्तरही ‘नो’, आणि “चहा घेणार?” याचेही ‘नो’. मराठीत पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘नको’. आमच्या वर्गातील कन्नड भाषिक विद्यार्थ्यांनी लगेच दाखवून दिले, की कन्नडमध्येही असेच आहे : पहिल्याला ‘इल्ल’, दुसऱ्याला ‘बेड’, आपल्या उत्तर कर्नाटकाच्या बोलीत ‘ब्याड’. गंमत पुढे आहे. ‘मला नको’ म्हणजे मला ती वस्तू हवीशी नाही. आणि ‘जाऊ नको’ म्हणजे तू तसे करू नकोस. कन्नडमध्येही ‘ननगे बेड’ आणि ‘होगबेड’. आपली नाराजी सांगणारा आणि दुसऱ्याला मनाई करणारा शब्द या दोन्ही भाषांत एकच आहे. दोन वेगळ्या भाषाकुळांतल्या शेजारणींनी हा शब्द सारख्याच रीतीने घडवावा, याचा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी कधीतरी या मासिकात खुलासा करावा.

परंतु इतका धारदार शब्द जवळ असूनही आपण त्याची धार आपल्याच हाताने बोथट केली आहे. लग्नाची पंगत आठवा. वाढपी जिलबी घेऊन येतो. पाहुणा म्हणतो, “नको, नको.” वाढपी म्हणतो, “अहो, एवढी एकच!” पाहुणा पुन्हा ‘नको’ म्हणतो, आणि दोन जिलब्या पानात पडतात. बेळगावात कुंद्याच्या बाबतीत हेच. पहिल्या ‘नको’ला थांबणारा यजमान कंजूष ठरतो आणि पहिल्या ‘हो’ला पान पुढे करणारा पाहुणा हावरट. या आग्रहात प्रेम असते, हे मी नाकारीत नाही. आमच्या आजीच्या आग्रहावर तर अख्खे बालपण पोसले गेले. तथापि लहानपणापासून आपण एक पाठ गिरवतो, की ‘नको’ हा शब्द शिष्टाचाराचा आहे आणि तो दोनतीनदा मोडून काढणे हा समोरच्याचा धर्म आहे. सिनेमाने हा पाठ पक्का केला. नायिका नाही म्हणते, नायक गाणे म्हणतो, ती चिडते, तो पाठलाग करतो, आणि मध्यंतरापर्यंत तिला तो आवडू लागतो. पन्नास-साठ वर्षे आपण हेच पाहत आलो. ‘नाही म्हणजे नाही’ हे वाक्य न्यायालयातील प्रसंगात ठासून सांगणारा ‘पिंक’ हा हिंदी चित्रपट आला तो २०१६ साली.

मुलींना शिकवला जाणारा पाठ याला जुळणाराच आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी गप्प राहिली, मान खाली घातली, की घरचे म्हणतात, तिची हरकत दिसत नाही. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन तर संस्कृत न येणाऱ्यांनाही पाठ असते. चांगल्या मुलीने ‘हो’ म्हणायचे नसते. ते तिच्या गप्प बसण्यातून ओळखायचे असते. आता एक मूलभूत अडचण पाहा. चांगल्या मुलीने हो म्हणायचे नाही, आणि ‘नको’ तर शिष्टाचार म्हणून मोडून काढायचे. मग खरोखरच नको असेल तेव्हा तिने कोणता शब्द वापरावा? भाषेने दिलेला शब्द रीतीने काढून घेतला, असेच म्हणावे लागते. हे केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. हिकमन आणि म्युलनहार्ड यांनी १९९९ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना आपण संमती कशी दर्शवितो असे विचारले, तेव्हा प्रतिकार न करणे, म्हणजे काहीच न करणे, हाच मार्ग सर्वांत जास्त वापरला जातो, असे आढळले. भीतीने गोठून गेलेले माणूसही काहीच करीत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

येथे एक मुलगा हमखास विचारतो, “मॅडम, मग आम्हांला कळावे कसे?” प्रश्न प्रामाणिक असतो, आणि त्याची थट्टा करू नये. परंतु पंगतीकडे पुन्हा एकदा पाहा. अनुभवी वाढप्याला खरे ‘नको’ आणि वरवरचे ‘नको’ यांतला फरक कळत नाही काय? पानावर दोन्ही हात आडवे धरणारा, अंग मागे घेणारा, वाढप्याकडे न पाहता शेजाऱ्याशी बोलू लागणारा पाहुणा त्याला बरोबर ओळखता येतो. तरीही तो वाढतो, कारण चूक झाली तर त्याचे काही बिघडत नाही. फार तर एक जिलबी पानात राहते. ज्याचे बिघडते तो दुसराच असतो.

ब्रिटनमधील सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ मध्ये याच मुद्द्याचा शास्त्रीय अभ्यास मांडला. रोजच्या संभाषणात माणसे नकार कसा देतात, हे त्यांनी संभाषण-विश्लेषणाच्या आधारे तपासले. कोणी चहाला बोलावले, तर ‘नाही’ असे सरळ तोंडावर आपण क्वचितच म्हणतो. क्षणभर थांबतो, ‘अं...’ करतो, ‘यायला आवडलं असतं’ म्हणतो, मग कारण सांगतो. आपल्याकडे ‘बघू या’, ‘कळवते’, ‘आज जरा काम आहे’ ही सारी नकाराचीच रूपे आहेत, आणि त्यांचा अर्थ समजला नाही असे एकही माणूस मला भेटलेले नाही. उधार मागणाऱ्याला ‘बघतो’ म्हटले की तो दुसऱ्या दारी जातो! म्हणून या दोघींचा निष्कर्ष असा, की मुलींनी ठणकावून नाही म्हणावे असा उपदेश करणाऱ्या मोहिमा मुलींकडून अशी भाषा मागतात, जी इतर कोणत्याही प्रसंगी कोणी वापरीत नाही; आणि ती वापरली नाही म्हणून नकार कळला नाही, ही सबब टिकत नाही. २००६ मध्ये ओबर्न, रॅप्ली आणि हॅन्सन यांनी तरुण मुलांच्या गटचर्चा अभ्यासल्या. मुलींचा शब्दाविना दिलेला नकार आपण कशावरून ओळखतो, हे त्या मुलांनी बारकाव्यांसह सांगितले. बलात्काराच्या जबाबदारीचा विषय निघाला की मात्र मुली स्पष्ट बोलत नाहीत, हे गाऱ्हाणे पुढे आले. समज कमी पडत नव्हती. समज असूनही थांबण्याची गरज वाटत नव्हती, असा याचा अर्थ मला दिसतो.

अमेरिकेतील ओहायो राज्यात अँटिऑक हे एक लहान महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थिनींच्या आग्रहावरून १९९० च्या सुमारास एक नियम झाला : प्रत्येक पायरीला विचारायचे आणि शब्दाने होकार मिळाल्यावरच पुढे जायचे. १९९३ मध्ये दूरदर्शनवरील एका विनोदी कार्यक्रमाने या नियमाची जगापुढे टिंगल केली. हसू येण्यासारखे त्यात काही होते, हे खरे. पण त्या नियमाने प्रश्न उलटा केला. ‘ती नाही म्हणाली का?’ याच्या जागी ‘ती हो म्हणाली का?’ हा प्रश्न आला, आणि उत्तर देण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूला गेली. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने महाविद्यालयांसाठी हेच तत्त्व कायद्यात आणले. गप्प राहणे किंवा प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

आपल्या देशात हा प्रश्न उलटा होण्यास फार मोठी किंमत पडली, आणि त्या इतिहासाचे एक टोक महाराष्ट्रात आहे. मार्च १९७२ मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसाने अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिच्या नावानेच हा खटला ओळखला जातो, ते मी येथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपी पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले आणि एक महत्त्वाचा भेद केला : भीतीपोटी निमूटपणे शरीर स्वाधीन करणे ही संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये हा निर्णय फिरविला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, म्हणून प्रतिकार झाला नाही, असे अनुमान त्यात होते. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, समोर गणवेशातील पोलीस आणि एक गरीब मोलकरीण मुलगी! तिने कोणाला हाक मारायला हवी होती?

पुढच्या वर्षी उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे. प्रत्येक संमतीत शरणागती असेल, परंतु प्रत्येक शरणागतीत संमती नसते, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन होते. अध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला असे उघड पत्र लिहावे, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. १९८० मध्ये मुंबई-दिल्लीत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हाची. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातील कलम जाण्यास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ मध्ये भारतीय कायद्यात प्रथमच या गुन्ह्याच्या संदर्भात संमतीची व्याख्या लिहिली गेली. ती विद्यार्थ्यांनी एकदा मुळातून वाचावी. तिचा आशय असा : संमती म्हणजे त्या विशिष्ट कृतीत सहभागी होण्याची तयारी शब्दांनी, हावभावांनी वा अन्य रीतीने कळविणारा, निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेला होकार, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. यातील ‘विशिष्ट’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. फिरायला येणे, खोलीवर येणे, हातात हात देणे, यांपैकी एकाची संमती दुसऱ्याची होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ६३ व्या कलमात हीच व्याख्या आली आहे. त्याच कलमाचा अपवाद, पत्नी अठरा वर्षांहून लहान नसेल तर पतीला हे कलम लागू होत नाही, हाही तसाच पुढे आला आहे. म्हणजे रखमाबाईंचा प्रश्न लग्नाच्या उंबऱ्याच्या आत अजून उभाच आहे. पुरुष पीडित असल्यास त्यालाही या कलमाचा उपयोग नाही.

व्याख्या लिहिली म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात आरोपीला संशयाचा फायदा देताना असा विचार मांडला, की परस्परांना ओळखणाऱ्या आणि सुशिक्षित व्यक्तींमध्ये दुबळा नकार हा नकारच होता असे नेहमी म्हणता येणार नाही. चार वर्षांपूर्वी ‘निःसंदिग्ध होकार’ शोधायला सांगणारा कायदा झाला होता; न्यायालय पुन्हा नकाराची ताकद तोलू लागले. जिलबीचा वाढपी तेथेही होता, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत गुंतागुंतीचा भाग लग्नाच्या वचनाचा आहे, आणि त्यातील एक गाजलेला निकाल आपल्याच राज्यातील आहे. २००३ च्या ‘उदय विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यातील मुलगी एकोणीस वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी होती. दोघांचे प्रेम होते, जाती वेगळ्या होत्या, त्याने लग्नाचे वचन दिले होते आणि पाळले नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मुलगी सज्ञान होती, प्रेमात होती आणि जातीमुळे लग्न अवघड आहे हे तिला ठाऊक होते. तेव्हा तिची संमती भ्रमातून आलेली म्हणता येत नाही, असा हा निर्णय. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात न्यायालयाने हा भेद अधिक स्पष्ट केला : वचन पुढे मोडणे वेगळे आणि पाळण्याचा हेतू पहिल्यापासून नसताना ते देणे वेगळे. नव्या संहितेच्या ६९ व्या कलमाने या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र गुन्हा ठरवून दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. माझे मत येथे पूर्ण ठरलेले नाही. फसवणूक करणाऱ्याला शिक्षा व्हावी हे मान्य. परंतु लग्नाच्या वचनाशिवाय मुलगी संमती देऊच शकत नाही, असे गृहीत धरले तर तिचा होकार पुन्हा गौण ठरतो. शिवाय, जातीच्या भिंतीपुढे कच खाणारा मुलगा आणि आरंभापासून लबाड असलेला मुलगा यांच्यातील फरक त्या मुलीच्या दुःखाला कसा कळावा? या मुद्द्यावर वादविवाद मंडळाने एक कार्यक्रम जरूर घ्यावा.

मोबाईलविषयी दोन शब्द पुरेत. स्वतःचे खाजगी छायाचित्र काढू देण्यास एखादीने संमती दिली, तरी ते दुसऱ्याला पाठविण्यास ती दिली असे होत नाही. पाठविणे हा गुन्हा आहे, असे संहितेच्या ७७ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितलेच आहे. ‘तिनेच पाठवला होता’ हे उत्तर त्यामुळे उपयोगाचे नाही.

आतापर्यंतचे विवेचन विद्यार्थ्यांना उद्देशून झाले. आम्हां अध्यापकांकडेही वळले पाहिजे. संमती स्वेच्छेने द्यायची तर नकार देणे परवडले पाहिजे. ज्याच्या सहीवाचून प्रबंध पुढे सरकत नाही, ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत, हजेरी आहे, शिफारसपत्र आहे, त्याला ‘नको’ म्हणणे किती जणींना परवडते? वयाने सज्ञान असलेली संशोधक विद्यार्थिनी आपल्या मार्गदर्शकाला ‘हो’ म्हणाली, तर त्या ‘हो’त किती स्वेच्छा होती, हे तिचे तिलाही कित्येकदा वर्षांनंतर उमगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी विनियम केले. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी, तीत विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत, असे त्यांत आहे. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात याची दखलही त्यांत घेतलेली आहे. नियम चांगले आहेत. परंतु स्टाफरूममध्ये या विषयावर सरळ बोलणे झालेले मी क्वचितच ऐकले. विद्यार्थ्यांना ‘बघू या’चा अर्थ कळतो म्हणून त्यांना जबाबदार धरायचे, तर विद्यार्थिनीने अर्ध्या वाक्यात बोलणे थांबवून वही आवरायला घेतली याचा अर्थ आम्हांलाही कळतो.

आमच्या सूचनाफलकावर समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक लावलेले आहेत. गेल्या सत्रात त्यावर कोणीतरी क्रीडामहोत्सवाचे पत्रक चिकटवले होते. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनी ते अलगद सोडवून शेजारी लावले, आणि खालच्या यादीतला एक क्रमांक वहीत उतरवून घेतला.